एक भाग, एक नियम: गूढमालिका बारकाईने पाहताना

गूढमालिकेच्या पक्क्या चाहत्याला त्याची आवडती मालिका विचारली, की तो मालिकेपाठोपाठ एखाद्या भागाचंही नाव घेतो. 'सुपरनॅचरल' म्हटलं की 'मिस्टरी स्पॉट', 'बफी द व्हँपायर स्लेयर' म्हटलं की 'हश' किंवा 'द बॉडी', 'द एक्स-फाइल्स' म्हटलं की 'क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोज'. 'सुपरनॅचरल' पंधरा मोसम चालली. सप्टेंबर 2005 ते नोव्हेंबर 2020 या काळात तिचे 327 भाग झाले. त्यातली बहुतेक भुतं, पिशाच्चं आणि सैतान आज कट्टर चाहत्यांनाही नावानिशी आठवणार नाहीत. तरी सुमारे 42 मिनिटांचे काही तुकडे मनात घट्ट बसले आहेत, आणि ते पुन्हा पुन्हा पाहिले तरी शिळे होत नाहीत.

असं का होतं? या प्रकारातल्या चांगल्या भागाचं मर्म कशात असतं? भीतीत म्हणावं, तर ती पहिल्यांदा पाहतानाच निम्मी संपते. रहस्यात म्हणावं, तर ते एकदा फुटलं की फुटलं. ट्रिक सीन तर दहा वर्षांत जुने दिसू लागतात. हे भाग वर्षानुवर्षं पाहून माझं मत एका गोष्टीवर येऊन ठरलं आहे. जो भाग एकच अशक्य नियम मांडतो, तो शेवटपर्यंत कसोशीने पाळतो आणि त्याची किंमत एखाद्या माणसाच्या नात्याकडून वसूल करतो, तोच टिकतो. भूत हे निमित्त असतं. या आढाव्यात हेच मत वेगवेगळ्या मालिकांवर तपासून पाहायचं आहे, आणि त्यासाठी एक भाग अगदी जवळून पाहायचा आहे.

साप्ताहिक भागाचा साचा

टीव्हीवरच्या गूढकथेची आजची घडण अमेरिकेत झाली. ऑक्टोबर 1959मध्ये सीबीएस वाहिनीवर रॉड सर्लिंगची 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली. 1964पर्यंत तिचे 156 भाग झाले. दर भागात नवी माणसं, नवं गाव, नवी अशक्य गोष्ट. कथासंग्रहातल्या कथेसारखा प्रत्येक भाग आपल्या पायांवर उभा. पुढे 1974-75मध्ये 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' आली. तिच्यात नायक एकच, एक हट्टी वार्ताहर. त्याच्यासमोर मात्र दर आठवड्याला नवा राक्षस. मालिका वीस भागांतच आटोपली. तरी तिच्यामुळे आपल्याला 'एक्स-फाइल्स' सुचली, हे क्रिस कार्टर यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे.

सप्टेंबर 1993मध्ये सुरू झालेल्या 'एक्स-फाइल्स'ने हे दोन्ही धागे एकत्र विणले. काही भाग परग्रहवासी आणि सरकारी कटाच्या लांबलचक कथानकाचे असत. उरलेले सुटे असत, त्यांना चाहते 'मॉन्स्टर ऑफ द वीक' म्हणतात. सुट्या भागात एफबीआयचे एजंट मल्डर आणि स्कली एखाद्या गावात येतात, विचित्र मृत्यूंचा शोध घेतात आणि निघून जातात. त्यानंतरच्या 'बफी', 'एंजल', 'सुपरनॅचरल' अशा बहुतेक मालिकांनी हीच विभागणी ठेवली.

यात कामाच्या सोयीचाही भाग होता. वर्षाला बावीस-चोवीस भाग, प्रत्येक भागाच्या चित्रीकरणाला जेमतेम आठ-नऊ दिवस, मध्ये जाहिराती. सुरुवातीला एक छोटा धक्का, मग शीर्षकं, मग चार-पाच अंक आणि प्रत्येक अंकाच्या टोकाला एक कलाटणी. हे बंधन जाचक खरं. पण लघुकथेला पानांची मर्यादा जशी कामाला येते, तशी या लेखकांना मिनिटांची मर्यादा कामाला आली. 42 मिनिटांत एकच कल्पना नीट पेलता येते. म्हणून ज्यांना हे जमलं त्यांनी ती एकच निवडली आणि तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला.

'मिस्टरी स्पॉट': एक भाग जवळून

'सुपरनॅचरल'च्या तिसऱ्या मोसमातला अकरावा भाग 14 फेब्रुवारी 2008 रोजी प्रसारित झाला. दिग्दर्शक किम मॅनर्स, पटकथा जेरेमी कार्व्हर यांची. मालिका दोन भावांची. सॅम आणि डीन विंचेस्टर 1967च्या काळ्या शेवरोले इम्पालातून अमेरिकाभर फिरतात आणि भुताखेतांचा बंदोबस्त करतात. दुसऱ्या मोसमाच्या अखेरीस सॅम मरतो. त्याला परत आणण्यासाठी थोरला डीन सैतानाशी सौदा करतो: वर्षभराचं आयुष्य, मग नरक. म्हणजे तिसऱ्या मोसमात प्रत्येक भागागणिक डीनचे दिवस कमी होत आहेत. 'मिस्टरी स्पॉट' नेमका या जखमेवर बोट ठेवतो.

फ्लोरिडातलं एक मोटेल. रेडिओच्या गजरावर 'एशिया' या रॉक बँडचं 'हीट ऑफ द मोमेंट' वाजतं आणि सॅमला जाग येते. मंगळवार आहे. दोघं नाश्त्याला जातात. वेट्रेसच्या ट्रेवरून तिखट सॉसची बाटली पडते. रात्री तपासासाठी गेले असताना डीनला गोळी लागते आणि तो सॅमच्या हातांत मरतो. पुढच्याच क्षणी पुन्हा तेच गाणं, पुन्हा मंगळवार, आणि डीन शेजारच्या पलंगावर धडधाकट. नियम मांडून झाला: डीन मेला की दिवस पुन्हा सुरू होणार, आणि हे फक्त सॅमला आठवणार.

अडकलेल्या दिवसाची कल्पना 1993च्या 'ग्राउंडहॉग डे' या चित्रपटाने घरोघरी नेली होती. मॅनर्स आणि कार्व्हर तिचं काय करतात, हे दुसऱ्यांदा पाहताना कळतं. पहिला मंगळवार ते अगदी सावकाश दाखवतात. दात घासणं, चूळ भरणं, नाश्त्याची ऑर्डर, रस्त्यावरची माणसं. पहिल्या पाहण्यात हे सगळं भरताड वाटतं. दुसऱ्या मंगळवारी तेच पुन्हा येतं तेव्हा आपणही सॅमबरोबर ओळखीच्या खुणा शोधू लागतो. पुढच्या एका मंगळवारी सॅम ती पडणारी बाटली हवेतच झेलतो, न बघता. या एका हालचालीतून किती मंगळवार उलटून गेले असतील, ते न सांगता कळतं. पुढे दिवस आणखी आखूड होत जातात. डीन गाडीखाली येतो, वरून पडलेल्या सामानाखाली सापडतो, खाताना घास अडकून मरतो, न्हाणीघरात घसरतो. एकेक मरण काही सेकंदांत उरकतं. प्रेक्षक हसतो. भावाचं मरण विनोदी होत जातं, आणि दिग्दर्शकाला नेमकं हेच हवं असतं.

मग सॅमला एक क्षुल्लक फरक दिसतो. नाश्त्याच्या जागी रोज मेपल सिरप घेणारा एक माणूस आज स्ट्रॉबेरीचं सिरप घेत आहे. शंभरावर मंगळवार जे बदललं नाही ते आज बदललं. हा माणूस म्हणजे ट्रिकस्टर, या सगळ्या खेळाचा करविता. रिचर्ड स्पाइट ज्युनियर यांनी तो खट्याळपणा आणि निष्ठुरपणा एकाच चेहऱ्यावर सांभाळला आहे. धमकावल्यावर तो सॅमला सोडतो. बुधवार उजाडतो. रेडिओवर वेगळं गाणं लागतं. सॅमचा आनंद चेहऱ्यावर मावत नाही. तो सामान आवरतो, डीन गाडीकडे जातो, आणि खोलीत बाहेरून गोळीचा आवाज ऐकू येतो.

आवारात डीन पडलेला आहे. सॅम त्याला छातीशी धरतो. आतापर्यंतच्या प्रत्येक मरणानंतर याच क्षणी दृश्य तुटलं होतं आणि गाणं सुरू झालं होतं. सॅम त्याचीच वाट पाहतो. आता जाग यायला हवी, असं तो स्वतःला बजावतो. प्रेक्षकाचे कानही त्या गाण्यासाठी टवकारलेले असतात. गाणं येत नाही. कॅमेरा तिथेच राहतो. अर्धा तास ज्या मरणावर आपण हसलो, तेच मरण आता खरं झालेलं असतं, आणि आपण हसलो होतो याची टोचणी आपल्याला लागते. टीव्हीवरच्या गूढकथेत याहून चांगली कलाटणी मी पाहिलेली नाही.

इथेच थांबले असते तरी भाग चांगला ठरला असता. पण पुढे काही महिन्यांचा काळ काही मिनिटांत येतो. सॅम एकटा आहे. अंथरूण काटेकोर घातलेलं, हत्यारं रांगेत लावलेली. एकटाच दात घासतो, एकटाच जेवतो, स्वतःची जखम स्वतःच शिवतो. पहिल्या मंगळवारची भरताड वाटलेली दृश्यं इथे एकेक करून परत येतात, फक्त डीन वजा. सुरुवातीचा सावकाशपणा कशासाठी होता ते आता कळतं. बॉबी या वडीलधाऱ्या मित्राचे निरोप फोनवर साचत जातात, सॅम उत्तर देत नाही. ट्रिकस्टरला बोलावण्याच्या विधीला माणसाचं रक्त लागणार, असं बॉबी म्हणतो, आणि सॅम ते मिळवायला तयार होतो. खरं भय इथे आहे. भावाच्या प्रेमापायी एक चांगला माणूस काय बनू शकतो, ते या भागाने दाखवून दिलं.

ट्रिकस्टरचं म्हणणं सरळ आहे: तू डीनला वाचवू शकणार नाहीस, आणि तुझी ही ओढच तुम्हा दोघांचा घात करील. तो सॅमला पुन्हा बुधवारी नेऊन सोडतो. सॅम डीनला कडकडून मिठी मारतो. डीनला यातलं काहीच माहीत नाही. लेखकांच्या संपामुळे तो मोसम सोळा भागांतच गुंडाळावा लागला. मे 2008मध्ये शेवटच्या भागात डीन खरोखरच नरकात गेला. 'मिस्टरी स्पॉट' ही त्या मरणाची तालीम होती.

तोच दिग्दर्शक, तीच कल्पना, वेगळा नियम

या भागाशेजारी ठेवून पाहावा असा दुसरा भाग किम मॅनर्स यांनीच नऊ वर्षं आधी केला होता. 'एक्स-फाइल्स'चा 'मंडे' हा भाग फेब्रुवारी 1999चा, व्हिन्स गिलिगन आणि जॉन शिबन यांनी लिहिलेला. बँकेवर दरोडा पडतो, दरोडेखोराच्या अंगावरचा बॉम्ब फुटतो, मल्डर आणि स्कलीसह सगळे मरतात आणि सोमवार पुन्हा सुरू होतो. इथे आठवण फक्त दरोडेखोराच्या मैत्रिणीला, पॅमला आहे. तीच नायकांना रोज सावध करते, आणि ते तिला रोज नव्याने अनोळखी समजतात.

कल्पना तीच, पण ज्ञान कोणाकडे आहे याने सगळा फरक पडतो. 'मंडे'त आपण पॅमच्या हताशपणाकडे बाहेरून पाहतो. 'मिस्टरी स्पॉट'मध्ये आपण सॅमच्या डोक्यात शिरून तोच दिवस जगतो. नियमातला एक शब्द बदलला की कथेचं दुःखही दुसऱ्याच माणसाकडे जातं. मॅनर्स यांनी 'एक्स-फाइल्स'चे पन्नासहून अधिक भाग केले होते. जानेवारी 2009मध्ये ते गेले. हे दोन्ही भाग लागोपाठ पाहिले, तर एक दिग्दर्शक आपलाच जुना डाव नव्याने कसा मांडतो याचा धडा मिळतो.

'क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोज' हा ऑक्टोबर 1995चा भाग नियमाच्या बाबतीत आणखी नेटका आहे. क्लाइड ब्रकमन हा आयुर्विम्याचा एजंट. त्याला माणूस कसा मरणार ते दिसतं, दुसरं काहीच दिसत नाही. हे वरदान त्याला ना पैसा देतं, ना प्रतिष्ठा. उलट विमा विकताना गिऱ्हाइकाला त्याच्या मरणाचं वर्णन ऐकवून तो सौदा घालवून बसतो. पीटर बॉइल यांनी हा थकलेला, प्रेमळ म्हातारा असा उभा केला, की त्यांना एमी पुरस्कार मिळाला. लेखक डॅरिन मॉर्गन यांनाही मिळाला. भागात खुनी आहे, पाठलाग आहे, पण लक्षात राहतो तो एकच प्रश्न: शेवट आधीच माहीत असेल तर माणसाने दिवस कशाच्या आधारावर काढायचा? मल्डरला ब्रकमनच्या शक्तीचं कुतूहल आहे. त्याच्या एकटेपणाकडे लक्ष जातं ते शंकेखोर स्कलीचं. गूढावर विश्वास न ठेवणाऱ्या पात्राला सर्वांत जास्त माणुसकी देणं, ही मॉर्गन यांची करामत.

आवाज काढून घेतला तर

दृश्यापेक्षा आवाजाने जास्त भीती वाटते, हे रेडिओवर श्रुतिका ऐकणाऱ्या पिढीला सांगायला नको. मग आवाजच काढून घेतला तर काय होईल? 'बफी'चे निर्माते जॉस व्हेडन यांनी 14 डिसेंबर 1999च्या 'हश' या भागात हा प्रयोग केला. 'बफी'चे संवाद चटपटीत म्हणून गाजले होते. व्हेडन यांनी तीच जमेची बाजू काढून टाकली. 44 मिनिटांच्या भागात जवळजवळ 27 मिनिटं कोणी बोलत नाही.

'द जेंटलमेन' नावाचे राक्षस सनीडेल गावातल्या सगळ्यांचा आवाज चोरून एका पेटीत बंद करतात. त्यांना सात हृदयं काढून न्यायची आहेत, आणि माणसाची किंकाळी हे त्यांचं मरण आहे. नियम इतका चोख, की गोष्ट त्यातूनच उलगडते. काळ्या सुटातले, हसऱ्या चेहऱ्यांचे हे राक्षस जमिनीपासून थोडे वर तरंगत येतात, एकमेकांना अदबीने मान लववतात. वसतिगृहातल्या एका मुलाचं दार वाजतं, तो उघडतो, त्याला पलंगावर दाबून धरतात. त्याचं तोंड किंचाळण्यासाठी उघडलेलं आहे आणि शेजारच्या खोलीतल्या कोणालाही काही ऐकू येत नाही. रक्त जवळपास दिसतच नाही, पण ते तोंड विसरता येत नाही.

या भागातही राक्षसाचा नियम नात्यांवरच काम करतो. बफी आणि तिला आवडणारा रायली दोघंही एकमेकांपासून आपलं खरं काम लपवत असतात. आवाज गेल्यावर ते लढाईतच समोरासमोर येतात आणि गुपित फुटतं. बफीची मैत्रीण विलो आणि लाजरी टारा हातात हात घेतात आणि दोघींच्या मंत्रशक्तीने एक जड यंत्र सरकून दाराला अडसर होतं. त्यांचं प्रेम या स्पर्शापासून सुरू होतं. शेवटी आवाज परत येतो. बफी आणि रायली बोलायला बसतात, आणि आता दोघांना काय बोलावं ते सुचत नाही. या भागाच्या लेखनाला एमी नामांकन मिळालं. ज्या भागात संवाद जवळजवळ नाहीत, तोच लेखनासाठी निवडला गेला, हे मला अगदी न्याय्य वाटतं.

'द बॉडी' हा 27 फेब्रुवारी 2001चा भाग याच्या उलट वाटेने जातो. बफीची आई जॉइस घरातल्या सोफ्यावर मेलेली सापडते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आहे. राक्षस नाही, शाप नाही, सूड घेण्याजोगं कोणी नाही. ज्या मुलीने शेकडो पिशाच्चं मारली तिला इथे लढायला काहीच नाही. संपूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. बाहेर खेळणाऱ्या मुलांचे आवाज खिडकीतून येत राहतात. वैद्यकीय मदतनीस येण्याआधी बफी आईचा वर सरकलेला स्कर्ट नीट करते. ती हालचाल क्षणभराचीच आहे, पण ज्याने घरात मृत्यू पाहिला आहे त्याला तिचा अर्थ समजवावा लागत नाही. मदतनीस बोलतो तेव्हा चौकटीत त्याचा चेहरा अर्धाच दिसतो. बफीच्या कानांवर शब्द पडतात, पण ती त्या माणसाकडे नीट पाहूसुद्धा शकत नाही.

या भागात एक पिशाच्च आहे, शवागारात, अगदी शेवटी. बफी त्याला संपवते, कारण ते तिला जमतं. पण तोवर ते पिशाच्च इतकं किरकोळ झालेलं असतं, की खऱ्या मरणापुढे अद्भुताची मर्यादा आपोआप उघडी पडते. गूढमालिकेने स्वतःचा नियम जाणूनबुजून बाजूला ठेवावा आणि त्या रिकाम्या जागेतून शोक दाखवावा, याचं हे सर्वोत्तम उदाहरण आहे.

जागेचं बंधन

नियम कथेत असतो तसा चित्रीकरणातही असू शकतो. ऑक्टोबर 2015मध्ये 'सुपरनॅचरल'ने 'बेबी' हा भाग केला. त्यात कॅमेरा सबंध वेळ इम्पाला गाडीबरोबरच राहतो. मारामारी गाडीच्या काचेतून दिसते, आणि बाहेर घडलेलं बरंचसं आपल्याला दिसतच नाही. त्या बदल्यात दहा वर्षं जे दोन भाऊ या गाडीत जेवले, झोपले, भांडले, त्यांच्या घराची आपल्याला पहिल्यांदा नीट ओळख होते. त्यांचं घर म्हणजे ही गाडी. रॉबी थॉम्पसन यांच्या या भागात मोठी घटना नाही, पण चाहत्यांचा तो लाडका आहे.

याच वाटेने माइक फ्लॅनगन यांची ऑक्टोबर 2018मधली 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' पुढे गेली. तिचा सहावा भाग 'टू स्टॉर्म्स' मोजक्याच दीर्घ, न तुटणाऱ्या दृश्यांत चित्रित झाला. अंत्यविधीच्या खोलीत बहिणीची शवपेटी ठेवलेली आहे आणि उरलेली भावंडं एकमेकांवर तुटून पडत आहेत. कॅमेरा त्यांच्याभोवती फिरत राहतो. दृश्य तुटत नसल्याने कोणालाच भांडणातून निसटता येत नाही, प्रेक्षकालाही नाही. लोक बोलत असताना मागे ती मृत बहीण उभी असते, आणि पहिल्या पाहण्यात ती दर वेळी दिसेलच असं नाही.

त्याआधीच्या पाचव्या भागात नेल या धाकट्या मुलीला लहानपणापासून दिसणारी वाकलेल्या मानेची बाई कोण, ते उघड होतं. ती बाई म्हणजे नेल स्वतःच, मरणाच्या क्षणी आयुष्यभर मागे मागे फेकली गेलेली. एकदा हे कळल्यावर आधीचं प्रत्येक भुताटकीचं दृश्य भीतीऐवजी करुणेने भरतं. दुसऱ्यांदा पाहताना वेगळीच गोष्ट दिसावी, असं लेखन मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

कुठे बिघडतं

मर्यादाही नोंदवायला हव्यात. लांबलेल्या गूढमालिकेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे स्वस्त झालेलं मरण. 'सुपरनॅचरल'मध्ये दोन्ही भाऊ इतक्यांदा मरून परतले, की पुढच्या मोसमांत त्यांच्या मरणाने छातीत धस्स होईनासं झालं. 'मिस्टरी स्पॉट'ने ज्या मरणाचं वजन दाखवलं तेच वजन मालिकेने पुढे स्वतःच्या हाताने उतरवलं. मालिकेचे जनक एरिक क्रिपकी यांनी पाच मोसमांची कथा योजली होती, आणि पाचव्या मोसमाच्या शेवटाला ती पुरी झाल्यासारखी वाटतेही. पुढची दहा वर्षं काही उत्तम सुटे भाग मिळाले, पण मोठ्या कथेत प्रत्येक वर्षी मागच्यापेक्षा मोठं संकट आणावं लागलं. देवापेक्षा मोठं संकट कोणतं आणणार? शेवटी देवच खलनायक झाला.

'एक्स-फाइल्स'च्या परग्रहवासी कटाचंही असंच झालं. उत्तर द्यायचं पुढे ढकलता ढकलता प्रश्नच विसविशीत झाला. आजही नव्या प्रेक्षकाला मी त्या मालिकेचे सुटे भागच आधी सुचवीन. नियम बदलायची सवय लागली की किंमतही बदलते आणि प्रेक्षकाचा विश्वास उडतो. भुताच्या गोष्टीत वाटेल ते चालतं, हा गैरसमज आहे. उलट वास्तववादी कथेपेक्षा इथे शिस्त जास्त लागते, कारण जगाचे नियम लेखकानेच घालून दिलेले असतात.

आपल्याकडे

मराठी वाचकाला गूढकथा नवी नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी तिला वाचकवर्ग मिळवून दिला. धारपांच्या कथा 'अनोळखी दिशा'मधून आणि मतकरींच्या कथा 'गहिरे पाणी'मधून छोट्या पडद्यावरही आल्या. कथा सुट्या, एक कल्पना, एक शेवट: हा साचा आपल्या लेखकांना चांगला अवगत होता.

पण प्रचंड लोकप्रियता मिळाली ती झी मराठीच्या 'रात्रीस खेळ चाले'ला. फेब्रुवारी 2016मध्ये ती सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या वाड्यात चित्रीकरण झालं, मालवणी बोलीचा बाज घरोघरी पोचला. 2019च्या दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकर यांचे अण्णा नाईक आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता या पात्रांनी महाराष्ट्राला वेड लावलं. अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते, असे आक्षेपही सुरुवातीला घेतले गेले. पण मालिकेची खरी ताकद कौटुंबिक होती. मेलेल्या बापाची दहशत घरावर कशी टिकते, इस्टेटीसाठी भावंडं कशी फाटतात, हे तिने प्रामाणिकपणे दाखवलं.

इथे एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. या मालिकेच्या चाहत्याला पात्रं आठवतात, प्रसंग आठवतात, भाग आठवत नाही. भागाला नावच नसतं. रोजच्या मालिकेत वीस-बावीस मिनिटांचा तुकडा उद्यावर बोट दाखवून थांबतो. त्याला स्वतःची सुरुवात आणि शेवट मिळत नाही. भीती लांबवावी लागते, आणि लांबवलेली भीती पातळ होते. लेखक-दिग्दर्शक किंवा कलावंतांत काही उणं नाही. रोजच्या प्रसारणाचा साचाच तसा आहे. या साच्यात 'हश' किंवा 'द बॉडी' लिहिणं कोणालाही अवघड जाईल.

निवाडा

इतक्या मालिका शेजारी ठेवून पाहिल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं आहे. आवाज चोरणारे राक्षस, अडकलेला मंगळवार, वाकलेल्या मानेची बाई: प्रत्येक ठिकाणी कल्पना एकच, नियम चोख आणि झळ थेट माणसाला. जिथे यातलं एक जरी सैल झालं, तिथे कितीही पैसा ओतला तरी भाग विरून गेला. आणि हे सगळं पुन्हा पाहणाऱ्यालाच कळतं. झेललेली बाटली, नीट केलेला स्कर्ट, मागे उभी असलेली बहीण या गोष्टी एकदा पाहून हाती लागत नाहीत. म्हणून चाहत्याचं बारकाईने पाहणं हा नुसता छंद नाही, ती समीक्षाच आहे, आणि तिला समीक्षेचा मान मिळायला हवा.

मराठी वाहिन्यांना आणि ओटीटीवाल्यांना एवढीच विनंती आहे: आठवड्याला एक, स्वतंत्र नावाचा, स्वतःचा शेवट असलेला गूढकथेचा भाग करून पाहा. धारप-मतकरींचं साहित्य हाताशी आहे, कोकणापासून विदर्भापर्यंत जागा आहेत, कलावंत तर आहेतच. आणि वाचकांना सांगणं असं, की आपल्या आवडीच्या गूढमालिकेतला एक भाग निवडा आणि तो लागोपाठ दोनदा पाहा. पहिल्यांदा गोष्टीसाठी पाहा. दुसऱ्यांदा नियम कुठे मांडला गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे शोधा. ते सापडलं, तर भाग चांगला आहे.